अंडे फोडल्यावर दिसणारी ती पांढरी दोरी नेमकी कशाची असते?

मृण्मयी_न (रविवार, सकाळी ९:४०)

आमच्या घरी अंड्याचा पोळा करण्यापूर्वी एक विधी ठरलेला आहे. अंडे वाटीत फोडले की बलकाला चिकटलेली पांढरी, पिळदार, शेंबडासारखी दोरी सासूबाई चमच्याच्या टोकाने पकडून बाहेर काढतात आणि मगच फेटायला परवानगी मिळते. त्यांच्या मते तो ‘जीव’ आहे. माझी शेजारीण त्याला पिल्लाची नाळ म्हणते, आणि माझ्या नवऱ्याने कॉलेजात असताना ऐकलेले स्पष्टीकरण तर इथे लिहिण्याजोगे नाही. त्यात कोंबड्याचा संबंध येतो एवढे सांगून थांबते. आज सकाळी एका अंड्यात ही दोरी इतकी ठसठशीत निघाली की मुलीने ते अंडे खायलाच नकार दिला.

माझे प्रश्न तीन आहेत. ही दोरी म्हणजे काय? ती खाल्ल्याने काही बिघडते का? आणि ती जर गर्भ नसेल, तर अंड्यात गर्भाची जागा नेमकी कोणती असते?

खवय्या_सातारकर (९:५२)

मी गेली चाळीस वर्षे त्या दोरीसकट अंडी खात आलो आहे आणि अद्याप आरवायला लागलेलो नाही.

जीवशास्त्र_मास्तर (१०:३०)

मृण्मयीताई, ही दोरी गर्भ नाही, नाळ नाही आणि कोंबड्याचाही तिच्याशी काडीचा संबंध नाही. कोंबडीने कधी कोंबडा पाहिलेला नसला तरी तिच्या अंड्यात ही दोरी असतेच. तिला कलाझा म्हणतात, आणि ती पांढऱ्या भागातल्याच प्रथिनांच्या घट्ट तंतूंची बनलेली असते. एका अंड्यात अशा दोन दोऱ्या असतात, बलकाच्या दोन बाजूंना एकेक. निमुळत्या आणि बोथट अशा दोन्ही टोकांकडे त्या पसरलेल्या असतात आणि बलकाला मधोमध तोलून धरतात, जेणेकरून तो कवचाच्या आतल्या बाजूला जाऊन चिकटू नये.

तिला पीळ का असतो, हे समजण्यासाठी अंडे कसे घडते ते पाहावे लागेल. कोंबडीचा फक्त डावा अंडाशय कार्यरत असतो. तिथून पिकलेला बलक सुटतो आणि अंडनलिकेच्या नरसाळ्यासारख्या तोंडात पडतो. तिथे तो जेमतेम पंधरा ते तीस मिनिटे राहतो, आणि बीजधारणा व्हायची असेल तर ती याच अवधीत होते, कारण पुढे पांढऱ्याचे थर चढल्यावर वाट बंद होते. नंतरच्या भागात सुमारे तीन तास पांढऱ्याचे थर चढतात, त्यापुढे तासा-सव्वा तासात दोन पातळ पापुद्रे गुंडाळले जातात, आणि उरलेले वीसेक तास केवळ कवच घडण्यात जातात. या साऱ्या प्रवासात अंडे स्वतःभोवती फिरत असते. त्या फिरण्यामुळे बलकालगतचे तंतू वळले जातात, आणि एका टोकाची दोरी ज्या दिशेने वळते त्याच्या उलट दिशेने दुसऱ्या टोकाची वळते. वातीला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने पीळ द्यावा, तसेच हे आहे.

तेव्हा दोरी ठसठशीत असणे हा दोष नसून अंडे ताजे असल्याची खूण आहे. अंडे जुने होत जाते तसे पांढरे पातळ होते आणि ही दोरीही विरघळल्यासारखी दिसेनाशी होते. आपल्या मुलीने नाकारलेले अंडे बहुधा त्या ट्रेमधले सर्वांत चांगले अंडे होते.

ऋजुता_के (१०:४१)

ग्रीक भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ गार असा आहे, म्हणजे आकाशातून पडणारी गार. दोरीपेक्षा तिच्यातली पांढरी गाठ पाहून ते नाव पडले असावे. एक भाषिक शंकाही विचारते: आमच्याकडे ‘पिवळा बलक’ आणि ‘पांढरा बलक’ असे दोन्ही म्हणतात. मास्तर मात्र पिवळ्यालाच बलक म्हणत आहेत. यातले बरोबर कोणते?

जीवशास्त्र_मास्तर (१०:५५)

बोलण्यात दोन्ही चालते. मी गोंधळ टाळण्यासाठी पिवळ्यापुरताच तो शब्द वापरतो आणि दुसऱ्याला नुसते ‘पांढरे’ म्हणतो.

शंकेखोर_जुना (११:२०)

दोरीचे पटले. पण बलकावर कधी कधी लाल ठिपका असतो, तो मात्र नक्कीच पिल्लाचा असला पाहिजे. माझी आजी तसे अंडे सरळ फेकून द्यायची, आणि आजीने शेकडो कोंबड्या पाळल्या होत्या. अनुभवाला काही किंमत आहे की नाही?

पाणंद (११:४८)

आमच्या घरामागे तीस-पस्तीस गावठी कोंबड्या आहेत, त्यामुळे अनुभवाच्या बाजूने मीही बोलू शकते. आजींच्या काळी कोंबडा खुराड्यातच असायचा, अंडी कुठेतरी गवतात दोन-तीन दिवस पडून राहायची, खुडूक कोंबडी त्यांवर बसून उठायची. तेव्हा लाल दिसलेले काही वेळा खरोखर वाढू लागलेल्या गर्भाचे रक्त असणार. म्हणून त्यांचा नियम त्यांच्या परसात बरोबर होता. दुकानातल्या अंड्याला मात्र तो लागू पडत नाही. अंडाशयातून बलक सुटताना त्यावरची एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली की रक्ताचा थेंब बलकावर राहतो, आणि ही घटना बीजधारणेच्या आधीची आहे. ज्या फार्मवर एकही कोंबडा नसतो, तिथल्या अंड्यांतही असे ठिपके सापडतात. तपकिरी कवचाच्या अंड्यांत ते जास्त आढळतात, शिवाय गडद कवचातून दिवा धरून तपासताना ते निसटतातही. कधी तपकिरी, मांसाच्या कणासारखा तुकडा पांढऱ्यात तरंगताना दिसतो, तो बहुधा अंडनलिकेच्या अस्तराचा निघालेला कण असतो. दोन्ही चमच्याने काढून टाकावेत आणि अंडे नीट शिजवून खावे. फेकण्याचे कारण नाही.

आता मृण्मयीताईंच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे. सगळे जण दोरीकडे आणि रक्ताकडे बघतात, पण गर्भाची जागा दाखवणारा ठिपका कुणाच्या लक्षातच येत नाही. बलकाच्या वरच्या पृष्ठभागावर मोहरीच्या दाण्याहून थोडा मोठा, फिकट पांढरा डाग असतो. तो प्रत्येक अंड्यात असतो. बीजधारणा झालेली नसेल तर तो लहान, भरीव आणि कडेने ओबडधोबड दिसतो. झालेली असेल तर तीन-चार मिलिमीटर रुंदीचा, नीट गोल, मधे पारदर्शक आणि बाहेर पांढरे कडे असलेला असा दिसतो, नेमबाजीच्या लक्ष्यावरच्या वर्तुळांसारखा. अंडे कोंबडीच्या पोटात जवळपास एक दिवस उबेत असते, त्यामुळे घातले जाते तेव्हाच तिथे हजारो पेशी तयार झालेल्या असतात. सासूबाईंना ‘जीव’ काढायचाच असेल, तर त्या इतकी वर्षे चुकीची गोष्ट काढत आल्या आहेत, असे नम्रपणे सांगावे लागेल.

खवय्या_सातारकर (११:५५)

हे सासूबाईंना नम्रपणे कोण सांगणार, एवढे ठरवून मग पुढची चर्चा करावी.

शंकेखोर_जुना (दुपारी १२:१०)

आजीचा नियम ‘तिच्या परसात बरोबर’ होता, हे वाक्य मी मान्य करतो. पण मग गावठी अंडी विकणारे लोक ‘आमच्याकडे कोंबडा नाही, निर्धास्त घ्या’ असे सांगतात, ते तरी विश्वासार्ह मानावे का?

पाणंद (१२:३५)

कोंबडा कधी विकला तेही विचारावे. संयोगानंतर कोंबडीच्या अंडनलिकेतल्या बारीक पोकळ्यांत शुक्राणू साठून राहतात, आणि कोंबडा खुराड्यातून गेल्यावरही सुमारे दोन आठवडे ती फलित अंडी देऊ शकते. मला स्वतःला हे पटले नव्हते. आमचा कोंबडा एका रात्री मुंगसाने नेला, त्यानंतर आठव्या-नवव्या दिवसापर्यंतची अंडी मी खुडूक कोंबडीखाली ठेवली आणि त्यांतली बरीचशी फुटून पिल्ले बाहेर आली, तेव्हा पटले.

वैनगंगा (१:१५)

पाणंदताईंच्या मुद्द्याला आमच्याकडच्या उन्हाळ्याची जोड द्यावीशी वाटते. उबवणी यंत्रात तापमान साडेसदतीस अंशांच्या आसपास ठेवतात आणि एकविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर येते. विदर्भात मे महिन्यात स्वयंपाकघरच दुपारी चाळीस अंशांकडे झुकते. फलित अंडी अशा ठिकाणी टोपलीत ठेवली तर गर्भाची वाढ अर्धवट सुरू होते, रात्री थांबते, पुन्हा सुरू होते आणि शेवटी तो मरतो. मग अंडे फोडल्यावर लालसर कडे दिसते. माझ्या काकूंनी एकदा आणलेल्या डझनभर गावठी अंड्यांपैकी पाच अशी निघाली होती, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात अंडी आणली की थेट फ्रिजमध्ये जातात. खाण्यासाठी विकायची अंडी कोंबड्याविना घ्यावीत असा सल्ला आपल्याकडे दिला जातो, त्यामागे हेच कारण आहे: अफलित अंड्यात वाढायला काही नसते, म्हणून ते उष्णतेत तुलनेने जास्त टिकते.

सात्त्विक_थाळी (१:३०)

म्हणजे अफलित अंडे शाकाहारी आहे, असे आता सिद्ध झाले म्हणायचे का?

मृण्मयी_न (१:३४)

हात जोडून विनंती आहे की तो विषय या धाग्यावर नको. त्यासाठी जुने धागे आहेत आणि ते सगळे शेवटी कुलूपबंद झालेले आहेत. इथे अंड्याच्या आत काय असते एवढेच बोलू या.

माझी एक नवी शंका: उकडलेले अंडे सोलल्यावर एका टोकाला खळगा दिसतो. कुणी तिथून खाऊन गेल्यासारखा. तो कशाचा?

जीवशास्त्र_मास्तर (२:०५)

ती हवेची पोकळी आहे. कोंबडीच्या शरीराचे तापमान एकेचाळीस अंशांच्या आसपास असते. अंडे बाहेर पडल्यावर निवते, आतला ऐवज आकसतो, आणि कवचाच्या आतले जे दोन पापुद्रे मी सकाळी सांगितले ते बोथट टोकाला एकमेकांपासून सुटतात. मधल्या जागेत बाहेरची हवा कवचाच्या छिद्रांतून शिरते. एका कवचावर अशी सूक्ष्म छिद्रे काही हजार असतात. त्यांतूनच पुढे रोज थोडी वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जात राहतो, त्यामुळे पोकळी दिवसागणिक मोठी होते. अंडे पाण्यात टाकून पाहण्याच्या परीक्षेचे मूळ हेच आहे. ताजे अंडे तळाशी आडवे बसते, जुने होत चालले की बोथट टोक वर करून उभे राहते, आणि फार जुने झाले की तरंगते. तरंगणारे प्रत्येक अंडे सडलेलेच असते असे मात्र नाही. ते जुने असते एवढेच खात्रीने म्हणता येईल, आणि सडले आहे की नाही हे फोडल्याबरोबर नाकच सांगते.

उबवणीत हीच पोकळी पिल्लाच्या कामाला येते. बाहेर पडण्याच्या सुमारास ते चोचीने आतला पापुद्रा फोडते आणि फुप्फुसांनी पहिला श्वास या पोकळीतल्या हवेचा घेते. त्यानंतर ते कवचाला भोक पाडते. म्हणून उबवणी यंत्रात अंडी बोथट टोक वर ठेवूनच रचतात, आणि घरच्या ट्रेमध्येही तसेच ठेवावे.

ओव्हनवाली (२:४०)

मी घरगुती केक विकते, त्यामुळे अंड्यांशी माझी रोजची झटापट असते. दोरी खाण्यात काहीही वाईट नाही, शिजल्यावर ती उरलेल्या पांढऱ्यासारखीच होते. पण कस्टर्ड किंवा कॅरॅमल पुडिंगमध्ये ती पांढऱ्या गाठीसारखी दाताखाली येते, म्हणून तेवढ्यापुरते मी मिश्रण गाळून घेते. भुर्जीसाठी गाळत बसणाऱ्या माणसाला मात्र फार रिकामा वेळ असला पाहिजे.

मास्तरांनी कार्बन डायऑक्साइडचा उल्लेख केला, त्यावरून एक सांगते. अगदी ताज्या अंड्याचे पांढरे किंचित धुरकट दिसते, ते याच वायूमुळे. लोक त्याला खराब समजतात आणि काचेसारखे स्वच्छ पांढरे असलेले जुने अंडे कौतुकाने घेतात. वायू निघून गेला की पांढऱ्यातला अल्कधर्म वाढतो आणि त्याची पापुद्र्यावरची पकड सुटते. म्हणून ताजे अंडे उकडून सोलायला बसले की निम्मे पांढरे टरफलाबरोबर जाते, आणि आठवडाभर जुने अंडे सुरेख सोलले जाते. एका डोहाळजेवणासाठी मी मुद्दाम सकाळी घातलेली गावठी अंडी मागवली होती आणि अंडाकरीत चंद्रावरच्या खड्ड्यांसारखी अंडी वाढावी लागली होती, हे मी अजून विसरलेले नाही.

बलकाभोवतीचे हिरवट-करडे कडेही पुष्कळांना घाबरवते. जास्त वेळ उकडले की पांढऱ्यातील गंधकयुक्त प्रथिनांतून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तो बलकातील लोहाला भेटतो आणि तिथे लोहाचे सल्फाइड तयार होते. त्याने अपाय होत नाही. दहा-बारा मिनिटांत आच बंद करून अंडी गार पाण्यात टाकली की ते कडे येत नाही.

एल्बकाठची (संध्याकाळी ५:२०)

मी हॅम्बुर्गला राहते. कवचाबद्दल फारसे कुणी बोलले नाही म्हणून लिहिते. इथे सुपरमार्केटमध्ये अंडी साध्या फळीवर, फ्रिजच्या बाहेर असतात, कारण युरोपीय संघात ‘अ’ वर्गाची अंडी धुऊन विकायला मनाई आहे. घातलेल्या अंड्यावर एक अगदी पातळ, साबणासारखे भासणारे नैसर्गिक लेपन असते. ते छिद्रे झाकते आणि जंतूंना आत येऊ देत नाही. धुतले की ते जाते. अमेरिकेत उलट नियम आहे: तिथे अंडी धुतात आणि म्हणून थंडच ठेवावी लागतात. भारतातून आलेल्या माझ्या आईने इथली अंडी आणल्या आणल्या नळाखाली घासून ठेवली होती, तेव्हा आमचे यावर बराच वेळ बोलणे झाले होते. तिच्या मते विष्ठेचा ठिपका दिसत असताना न धुणे हाच अडाणीपणा आहे.

पाणंद (५:४५)

आईंचे अर्धे बरोबर आहे. डाग असेल तर कोरड्या फडक्याने पुसावे, किंवा वापरण्याच्या अगदी आधी धुवावे. धुऊन ठेवून देऊ नये.

शंकेखोर_जुना (६:३०)

कवचाचा रंग आणि बलकाचा रंग यांवरून गावठी ओळखता येते, एवढे तरी खरे आहे ना? मी गडद नारिंगी बलकासाठी जवळपास दुप्पट पैसे मोजतो.

जीवशास्त्र_मास्तर (७:०५)

दोन्ही गोष्टींवर विसंबू नये. कवचाचा रंग जातीवर ठरतो. तपकिरी रंगद्रव्य कवच जवळजवळ पूर्ण झाल्यावर शेवटी बाहेरून चढते, म्हणूनच तपकिरी अंड्याचे कवच आतून फिकट दिसते. कडकनाथ कोंबडी मांसापर्यंत काळी असली तरी तिचे अंडे काळे नसते, फिकट तपकिरी किंवा मलईच्या रंगाचे असते; काळे अंडे दाखवून कुणी पैसे मागितले तर काढता पाय घ्यावा. बलकाचा रंग खाद्यातून येतो. मोकळ्या कोंबडीने हिरवे गवत खाल्ले की तो गडद होतो, आणि पिंजऱ्यातल्या कोंबडीला मका किंवा झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क घातला तरी तो तसाच गडद होतो. आपण कदाचित झेंडूचे पैसे मोजत असाल.

खवय्या_सातारकर (७:०९)

दसऱ्याला तोरण लावून झाल्यावर उरलेला झेंडू कुठे जातो, ते आज कळले.

पोथी_पुस्तक (रात्री ८:५०)

लक्ष्यासारख्या त्या ठिपक्यावरून आठवले. अॅरिस्टॉटलने उबवणीला ठेवलेली अंडी फोडून गर्भाची वाढ टप्प्याटप्प्याने पाहिली होती, आणि पांढऱ्यात रक्ताचा एक ठिपका जिवंत असल्यासारखा उडताना दिसतो, तेच हृदय, असे त्याने लिहून ठेवले. भिंग नसताना केलेले हे निरीक्षण आहे. सूक्ष्मदर्शकातून कोंबडीच्या गर्भाची चित्रे मार्चेल्लो माल्पिगीने सतराव्या शतकात काढली.

पांढऱ्याचीही एक गोष्ट आहे. अलेक्झांडर फ्लेमिंगने पेनिसिलिनच्या आधी, १९२२ साली, जंतूंची भिंत विरघळवणारे लायसोझाइम हे विकर स्वतःच्या सर्दीच्या स्रावात शोधले, आणि पुढे ते अंड्याच्या पांढऱ्यात विपुल असल्याचे दिसून आले. १९६५ साली लंडनमध्ये डेव्हिड फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ज्या पहिल्या विकराची त्रिमितीय रचना उलगडली, ते कोंबडीच्या अंड्यातले हेच लायसोझाइम होते. मृण्मयीताईंनी ‘शेंबडासारखी’ असा शब्द वापरला, तेव्हा त्यांना फ्लेमिंगची आठवण नसावी, पण उपमा शास्त्रीयदृष्ट्या भलतीच जुळली.

वैनगंगा (९:१५)

फार सुंदर माहिती. जाता जाता एक विचारते: उकडलेल्या बलकाच्या अगदी मध्यभागी कधी कधी ओलसर, फिकट ठिपका उरतो. अंडे कच्चे राहिले असे समजून मी ते पुन्हा उकडत असे.

जीवशास्त्र_मास्तर (९:४०)

बलक एकजिनसी नसतो. तो गडद आणि फिकट थर एकावर एक चढून बनतो. त्याच्या केंद्रात फिकट बलकाचा एक छोटा गोळा असतो आणि त्यापासून एक अरुंद मान निघून वर, पाणंदताईंनी सांगितलेल्या त्या ठिपक्याखाली पोहोचते. आकार साधारण सुरईसारखा. हा भाग उकडल्यावरही पूर्ण घट्ट होत नाही. ठिपक्याकडची ही बाजू उरलेल्या बलकापेक्षा हलकी असते, त्यामुळे अंडे कसेही फिरवले तरी बलक हळूहळू वळतो आणि ठिपका वरच्या बाजूला येतो, म्हणजे बसलेल्या कोंबडीच्या उबदार पोटाजवळ. दोऱ्यांचा पीळ त्याला वळू देतो आणि तरीही मधोमध धरून ठेवतो. सकाळी मी दोरीचे वर्णन नुसते दोरी म्हणून केले, ते अपुरे होते.

मृण्मयी_न (सोमवार, रात्री ९:१०)

आज प्रयोग केला. कोपऱ्यावरच्या दुकानातले एक आणि बाजारातल्या मावशींकडचे एक गावठी, अशी दोन अंडी दोन पांढऱ्या बशांत फोडली आणि मुलीला भिंग दिले. गावठी अंड्यात बलकावर वर्तुळात वर्तुळ स्पष्ट दिसले, म्हणजे मावशींकडे कोंबडा आहे किंवा दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत होता. दुकानातल्या अंड्यात ठिपका शोधायलाच दोन मिनिटे लागली. तो लहान आणि वेडावाकडा होता. त्याची दोरी मात्र काही केल्या सापडली नाही आणि पांढरे पाण्यासारखे बशीभर पसरले. त्यात काही कमी आहे का?

सासूबाई चष्मा लावून दोन्ही बशा बराच वेळ पाहत होत्या. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी गावठी अंड्यातली दोरी नेहमीप्रमाणे काढली, आणि मग थोडा विचार करून चमच्याच्या टोकाने तो ठिपकाही काढायला गेल्या. बलक फुटला.

पाणंद (९:३२)

त्यात काही कमी नाही, ते अंडे फक्त जुने आहे. ताज्या अंड्यात बलकाभोवतीचे घट्ट पांढरे उंच उभे राहते. ही उंची आणि अंड्याचे वजन यांवरून प्रत मोजण्याची पद्धत रेमंड हॉ यांनी १९३७ साली बसवून दिली आणि ती आजही वापरतात. घरी एवढे मोजमाप नको. दुकानदाराला माल कोणत्या वारी येतो ते विचारावे, त्याच दिवशी घ्यावीत, आणि ते पसरलेले अंडे वास ठीक असेल तर नीट शिजवून भुर्जीत वापरावे. फुटलेल्या बलकाचेही तेच करावे.

खवय्या_सातारकर (९:३५)

दोरीसकट.